गाऱ्हाण्यातली नावे

बों अक्योय
रविवार, ४ ऑगस्ट १९५७

ती. दादास,

नमस्कार. आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. माझ्यावर असते तर हे पत्र निघालेच नसते. बाबा गेले तेव्हा तू आलास, बांबूच्या कुंपणाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिलास आणि चारच्या बसने ग्रां बुआला परत गेलास. त्याला पाच वर्षे झाली. त्यानंतर या घराने तुझे अक्षर पाहिलेले नाही.

इंद्रदेव काका गेल्या मंगळवारी गेले. हा नवा लाग्रिपचा ताप आला आहे ना, त्यात. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी छाती भरली आणि आटोपले. गावातली निम्मी घरे आडवी आहेत. ऐन तोडणीच्या दिवसांत ऊस उभा आणि माणसे झोपलेली. कालपासून आईच्या अंगातही ताप आहे.

आता काम सांगते. आपल्या घराण्याचे गाऱ्हाणे लिहून पाठव. साहेबी कचेरीत बसून विसरला असशील तर आठवण करून देते. साथ आली, वादळ आले, की घरातला वडीलधारा पुरुष भैरीच्या दगडापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. एकेकाचे नाव घेतो. बाकीचे दर ओळीला ‘होय महाराजा’ म्हणतात. ज्याचे नाव घेतले तो देवाच्या राखणीत, ज्याचे राहिले तो बाहेर. बाबांनी ते शब्द तुला दिले, तू बारा वर्षांचा असताना, गोठ्यामागे, तीन सोमवार. मी ऐकायला आले तर मला हाकलले होते. काकांना अर्धेमुर्धे येत होते, ते काकांबरोबर गेले.

म्हणजे आज ते शब्द या बेटावर एकाच माणसाच्या तोंडात आहेत, आणि तो माणूस रोज सकाळी पाद्रीच्या देवळात जाऊन लॅटिन म्हणतो. आहे खरी आपल्या नशिबाची कमाल.

आई काय म्हणाली तेच्या तेच लिहिते. “बाबूला लिव. बापाची वाणी घेऊन गेला, ती म्हणावं परत दे. मला दुसरं कायबी नको, ना दवा ना दॉक्तेर.”

तू येऊ नकोस. कागद पाठव. काकांचा देवराज म्हणेल, त्याचा आवाज चांगला आहे.

कुंती


ग्रां बुआ
शुक्रवार, ९ ऑगस्ट १९५७

कुंतीस,

परमेश्वर तुम्हा सर्वांवर दया करो. काकांच्या आत्म्यासाठी मी बुधवारी देवळात लामेसची प्रार्थना म्हणवून घेतली. तुला ते आवडणार नाही, पण म्हणून झाली आहे. आईला लिंबाचा गरम काढा दे, खिडकी उघडी ठेव आणि भेटायला येणाऱ्या बायकांना दारातूनच परत पाठव.

गाऱ्हाणे लिहून देणार नाही. आमच्या धर्मात पहिलीच आज्ञा एका देवाची आहे, आणि ती कोणाचा काका गेला म्हणून बाजूला ठेवता येत नाही. दगडापुढे उभे राहून बोलायचे शब्द मी माझ्या हाताने लिहिले तर तो माझाच गुन्हा होईल, देवराजचा नव्हे.

साथ का आली, असे तुम्ही सगळे विचारीत असाल. गेल्या दहा वर्षांत हे बेट कसे चालले आहे ते जरा बघ. शनिवारी रम, रविवारी सिनेमा. बाप मुलाला बोलला तर मुलगा तडक युनियनच्या कचेरीत जाऊन बसतो. नवऱ्याला बायको उलटून बोलते आणि पुढारी त्याला प्रगती म्हणतात. एका तापाने आता सगळ्यांचे गुडघे टेकले. मी याला शिक्षा म्हणत नाही, हाक म्हणतो. पण ऐकायला कोणाला वेळ आहे? युनियन म्हणते, अंथरुणावर पडलेल्याला पूर्ण मजुरी द्या. सरकार म्हणते, फुकट दूध वाटतो. आजाऱ्याला खायला घालणे हे भावाचे काम आहे, शेजाऱ्याचे आहे, देवळाचे आहे. फॉर्मवर सही करून दूध मिळाले की पिणाऱ्याला देणाऱ्याचे तोंड दिसत नाही आणि देणाऱ्याला पिणाऱ्याचे. मी आणि आमच्या पॅरिशचे चौघे जण रोज काम सुटल्यावर मजुरांच्या वस्तीत बुयोंच्या रश्शाचे गरम डबे घेऊन जातो. कोण हिंदू, कोण तामिळ, कोण क्रेओल, ते विचारीत नाही.

तुमच्या मंडळाने गणपतीची मिरवणूक यंदा बंद ठेवावी. ढोल, झाकरीचा नाच, नदीवर शेकडो माणसे एकमेकांच्या अंगावर, हा शुद्ध वेडेपणा आहे. मोठ्या भावाचा सल्ला म्हणून ऐक.

आणि नावांचे म्हणशील तर ४८ साली पोलिओच्या साथीत बाबांनी गाऱ्हाणे घातले होते. आईने निरोप पाठवला म्हणून मी आलो होतो, माझ्या दोन महिन्यांच्या मुलीला, तेरेझला, शालीत गुंडाळून. मी कुंपणाबाहेर उभा होतो. बाबांनी काकांचे नाव घेतले, तुझे घेतले, तुझ्या मेलेल्या नवऱ्याच्या आईचेसुद्धा घेतले. माझे घेतले नाही. मी दोनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, तेव्हा त्यांचे बरोबरच होते. पण ज्या यादीतून मला वगळले, ती यादी आता माझ्याकडेच मागता, याची तुम्हाला थोडी तरी लाज वाटावी.

जोझेफ बाबूराव


बों अक्योय
बुधवार, १४ ऑगस्ट १९५७

ती. दादास,

तुझा सल्ला पोहोचायच्या आधीच आमच्या मंडळाने मिरवणूक रद्द केली आहे. ठराव मीच मांडला. जयदेव मास्तर अध्यक्ष आहेत, ते आधी रुसले, मग मानले. गणपती घरात बसेल आणि घरचेच दोघे जण त्याला नदीवर नेतील. आता तू सांग. तुझी रविवारची लामेस बंद झाली का? नऊ सप्टेंबरला सेंत क्रुआच्या जत्रेला सारे बेट पायी जाते, ते बंद होणार का? का तुमच्या देवळातला खोकला पवित्र आणि आमच्या नदीवरचा तेवढा वेडेपणा?

दुधाबद्दल तू लिहिलेस ते मी आईला वाचून दाखवले नाही. ती तेच दूध पिते आहे. सही मी केली. देणाऱ्याचे तोंड मला दिसले नाही हे खरे, पण दूध दिसले. आजाऱ्याला खायला घालणे भावाचे काम आहे असे तू लिहितोस. मला एकच भाऊ आहे. तो कुठे असतो, तुला ठाऊक असेल.

मजुरीचेही ऐक. शेजारची बसंती आणि तिचा नवरा दोघेही एकदम पडली. घरात पाच पोरे. ऊस तोडला नाही तर पैसा नाही. तू जिथे टोपी काढून उभा राहतोस त्या मोठ्या बंगल्यातली माणसे पडली तर त्यांचा पगार कापतात का? तुझ्या हातचा बुयों गोड असेल, पण तो तुझी मर्जी असेपर्यंत. युनियन मागते ते हक्काने मागते. म्हणूनच तुम्हा लोकांना ते टोचते. पुढच्या निवडणुकीत सगळ्यांना मत मिळणार म्हणतात, तेही टोचत असणार. मला मत नऊ वर्षांपूर्वीच मिळाले, गावच्या बैठकेच्या शाळेत मराठी वाचायला शिकले होते म्हणून. आता बसंतीलाही मिळेल, तिला सही येत नसली तरी.

आणि ४८ सालचे. बाबांनी तुझे नाव गाळले तेव्हा मी ओळीत होते. मला ऐकू आले. सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटले, मीही म्हटले. तुला वाटत असेल की बहीण तरी गप्प राहिली असेल, तर तसे नाही. तू बाबांना सांगायच्या आधी पाद्रीला सांगितलेस, त्याचा मला राग होता. आजही आहे.

आईचा ताप दोन दिवस उतरला होता, पुन्हा चढला. ती गाऱ्हाण्याशिवाय दुसरे बोलत नाही. तिला मरणाची भीती नाही. शब्द संपले याची भीती आहे. मोठा भाऊ म्हणून सल्ले देतोस, तर मोठ्या भावाकडे जे ठेवायला दिले होते ते परत कर.

कुंती


ग्रां बुआ
मंगळवार, २० ऑगस्ट १९५७

कुंतीस,

तुझे पत्र वाचले आणि आमचे पाद्री, मोन पेर, यांनाही त्यातला सेंत क्रुआचा भाग सांगितला. ते हसले आणि म्हणाले, तुझी बहीण चांगली वकील झाली असती. यंदा मी सेंत क्रुआला जाणार नाही. आणि कोणालाही जा म्हणून सांगणार नाही. रविवारी लामेसला आम्ही एक बाक सोडून बसतो आणि दारे उघडी ठेवतो. पण देऊळ बंद करणार नाही. माणसाला ताप आला म्हणून तो फक्त फुप्फुसे उरत नाही.

मताबद्दल. तू सही शिकलीस आणि मत मिळवलेस, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. पण डोकी मोजून राज्य चालवायचे म्हणजे ज्या जातीची डोकी जास्त तिचे राज्य, उरलेल्यांनी गप्प बसायचे. माझी बायको सेलीन क्रेओल आहे, माझी मुलगी त्या मोजणीत कुठे बसते? याचे उत्तर तुझ्या पुढाऱ्याकडे नाही. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. घरात बाप, देवळात पाद्री, आणि एकाने सगळ्यांसाठी देवापुढे जबाबदार राहायचे. तुझे गाऱ्हाणे तरी दुसरे काय आहे? तिथे काय मतपेटी ठेवतात? एक थोरला बोलतो, बाकीचे होय म्हणतात. तुला युनियन पाहिजे आणि गाऱ्हाणेही पाहिजे. दोन्ही कशी मिळतील?

आमच्या वस्तीत या आठवड्यात चौघांना पुरले. खड्डे खणायला माणसे नव्हती. मी खणले, मोन पेरांनी झगा वर खोचून खणले. हक्काने मागणारा कोणी त्या बाजूला फिरकला नाही. पूर्ण मजुरी मागणारी तुझी युनियन चांगली असेल, पण मेलेल्याचे पाय कोणी तरी धरावे लागतात.

गाऱ्हाण्याचे म्हणशील तर मी ते विसरलो. बाप्तिस्म्याच्या वेळी मी ते मनातून काढून टाकायचे ठरवले आणि निघाले. आता हा विषय संपव.

आईसाठी निलगिरीचे तेल आणि मध बसच्या चंद्रमोहनबरोबर पाठवतो आहे. सेलीन जरा पडून आहे. तेरेझ ठीक आहे.

जोझेफ बाबूराव


बों अक्योय
बुधवार, २८ ऑगस्ट १९५७

ती. दादास,

मध पोहोचला. आईने चाटला आणि विचारले, “हे बाबूनं धाडलं? मग कागद कुठाय?” मी म्हटले, विसरला तो. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माजा बाबू बारशाच्या जेवणातली भाजी इसरत न्हाई.” बाकी तुझे तू बघ.

विसरलास ना, ठीक आहे. आता तुझी गरज उरली नाही. काकांच्या तोंडून जे तुकडे ऐकले होते ते आठवून मी गाऱ्हाणे स्वतःच जुळवले आहे. उद्या गणपती. तो आणि गौरी जाऊ देत. शनिवारी, ७ सप्टेंबरला, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी अंगणात घालणार. देवराजला परवापासून ताप आहे, म्हणून मीच घालणार. हो, बाई. वस्तीत खड्डे तू खणलेस, तुला कोणी विचारले का की हे साहेबाचे काम आहे की मजुराचे?

खाली उतरवून पाठवते आहे. फक्त तुला कळावे म्हणून. दुरुस्त करू नकोस, कोणी मागितलेले नाही.

बा भैरी महाराजा, तुझी लेकरे तुझ्या पायाशी उभी आहेत. होय महाराजा.
नदीची सीमा, डोंगराची सीमा, समुद्राची सीमा तुझ्या नजरेत ठेव. होय महाराजा.
जहाजातून आलेले, मातीत गेलेले, वाटेत राहिलेले, सगळे तुझेच. होय महाराजा.
हा ताप घराघरांत शिरला आहे, त्याला समुद्रापार दुसऱ्या मुलखात घालव. होय महाराजा.
चंद्रावतीला राख. कुंतीला राख. अनुसयेला राख, तिच्या देवराजला राख. होय महाराजा.
बाबूरावला राख. त्याच्या बायकोला सेलीनला राख. त्याच्या मुलीला तेरेझला राख. होय महाराजा.
चुकलेमाकले पदरात घे. हा नारळ घे, मान घे. होय महाराजा.

नावे मी घातली आहेत. बाबा आता अडवायला नाहीत. तुला पटत नसेल तर तिकडे बसून चीड.

एक विचारायचे आहे. चंद्रमोहन म्हणाला की तुझ्या घराच्या खिडक्या आठवडाभर बंद आहेत, आणि तेरेझ शाळेच्या फाटकापाशी दिसत नाही. तू ठीक आहे लिहिलेस. खरे काय आहे?

कुंती


ग्रां बुआ
मंगळवार, ३ सप्टेंबर १९५७

कुंतीस,

तू विचारलेस म्हणून सांगतो, गाऱ्हाण्यासाठी नव्हे. तेरेझ पंधरा दिवस अंथरुणावर आहे. मागच्या पत्राच्या दिवशीच सकाळी तिचे अंग तापले होते. मी ठीक लिहिले, कारण तसे लिहिले की तसे होईल असे वाटले. ताप उतरतो आणि परत येतो. डॉक्टर म्हणतात छातीत पाणी आहे. वस्तीतून हा ताप घरात कोणी आणला ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मी डबे घेऊन जात होतो आणि घरी आल्यावर ती माझ्या मांडीवर बसत होती. सेलीन आता बरी आहे. ती मला काही बोलत नाही, तेच जास्त लागते.

गाऱ्हाणे विसरलो असे मी लिहिले होते. ते खोटे होते. त्याची कबुली मी मोन पेरांपुढे दिली आहे. खोट्याची दिली, शब्दांची नाही.

तुझा मजकूर वाचला. असले गाऱ्हाणे आपल्या घराण्यात कोणी घातले नसते. देव मानायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण बापाचे शब्द वाटेल तसे फिरवायचे नसतात. मी हे प्रार्थना म्हणून लिहीत नाही. कचेरीत कोणी चुकीचे पत्र पुढे ठेवले तरी मी हेच करतो.

सीमांमध्ये समुद्र पहिला. आपली माणसे तिकडून आली, म्हणून राखणही तिथून सुरू होते. मग नदी, मग डोंगर, आणि शेवटी कुंपण. कुंपण तू गाळलेस. ‘माझ्या कुंपणाची काठी तुझी काठी’ असे शब्द आहेत.

वाटेत राहिलेले पहिले म्हणायचे. जहाजावर मेले आणि पाण्यात सोडले त्यांना माती मिळाली नाही, त्यांचे कोणी नाही, म्हणून त्यांना मान आधी. मग मातीत गेलेले. मग आलेले.

तापाची ओळ तर साफ चुकली आहे. तो दुसऱ्या मुलखात घालवायचा नसतो. ‘आला त्या वाटेवर विरून जाऊ दे, कोणाच्या दारात उतरू देऊ नको’ असे म्हणायचे. बाबांनी हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले होते आणि पहिल्यांदा चुकलो तेव्हा पाठीत धपाटा घातला होता. आपले दुखणे शेजाऱ्याच्या किनाऱ्यावर ढकलणारे गाऱ्हाणे देव ऐकत नाही, असे ते म्हणाले होते.

नारळ नावांच्या आधी ठेवायचा, नंतर नव्हे. देऊन मग मागायचे.

बाईने घालायचे नसते. हे मी सांगून ठेवतो. पुढे तुझी मर्जी, ती तशीही असतेच.

आता नावे. सोबत परत पाठवलेल्या तुझ्या कागदात माझ्या नावावर मी काट मारली आहे. ती तशीच ठेव. मी त्या राखणीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आलो आणि परत मागच्या दाराने शिरणार नाही. सेलीनचे नावही काढ, ती तिच्या देवाची आहे.

मुलीच्या नावात चूक आहे. नियम असा आहे की गाऱ्हाण्यात बाप्तिस्म्याचे, शाळेचे किंवा कागदावरचे नाव चालत नाही. बाराव्या दिवशी घरच्या वडील बाईने कानात जे सांगितले तेच घ्यायचे. तिच्या बाराव्या दिवशी आई इथे होती. सेलीन आंघोळीला गेली होती. आईने पाळण्यावर पदर धरला आणि तिच्या कानात तीनदा ‘गंगा’ म्हटले. मी बाहेर जिन्यावर बसलो होतो, दार लोटलेले होते. आईला वाटते मला माहीत नाही. नऊ वर्षांत मी हे कोणाला बोललो नाही, मोन पेरांनाही नाही.

तेव्हा तेरेझ खोडून तिथे गंगा लिहिले आहे. नियम म्हणून सांगितला.

जोझेफ बाबूराव


बों अक्योय
रविवार, ८ सप्टेंबर १९५७

ती. दादास,

तुझा कागद गुरुवारी आला. तू चूक पाहून गप्प बसणार नाहीस हे मला परकर नेसायच्या वयापासून माहीत आहे. पाहुण्यांसमोर माझे पाढे दुरुस्त करायचास. म्हणून समुद्र मी मुद्दाम शेवटी टाकला होता आणि नारळही. वाटेत राहिलेल्यांची आणि तापाची चूक मात्र माझी खरी होती. ती ओळ वाचून मी चुलीपाशी बसून राहिले. वीस वर्षे मी ‘होय महाराजा’ म्हणत आले, कशाला होय म्हणते ते नीट ऐकलेच नव्हते.

काल संध्याकाळी घातले. तीसेक माणसे आली, उठता येत होते तेवढी. तोंडाला फडकी बांधून हात-हातभर अंतरावर उभी राहिली. तुझे मोन पेर असते तर त्यांनीही नाव ठेवले नसते. जयदेव मास्तर सगळ्यांच्या मागे उभे राहिले, कारण बाई गाऱ्हाणे घालते हे त्यांना पाहवत नव्हते. पण आले. आईची खाट आम्ही दारात आणून ठेवली होती.

तुझ्या कागदाप्रमाणे सगळे म्हटले. समुद्र आधी. नारळ आधी. ‘माझ्या कुंपणाची काठी तुझी काठी’ म्हणताना माझे लक्ष आपल्या बांबूकडे गेले, तू जिथे उभा होतास तिथे. त्या जागी आता जास्वंद आहे.

मग नावे. आई, मी, काकी, देवराज. मग ‘गंगेला राख’ म्हटले. गावात कोणाला माहीत नव्हते ही गंगा कोण, तरी सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले, मोठ्याने म्हणाले. आईने खाटेवरून मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, दादाने लिहून पाठवले आहे. तिने पदर तोंडावर घेतला.

तुझे नाव मी घेतले नाही. तू काट मारली होतीस, ती मी मानली. मला राग आहे तो आहे, पण तू जे ठरवलेस त्यावर मी शाई ओढणार नाही. मी पुढच्या ओळीला तोंड उघडले तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. “आन् माजा बाबू. त्यालाबी राख. त्यो बाहेर हाय म्हनून काय झालं, बाहेर थंडी जास्त असते.”

४८ साली ओळीत होते त्यातली सात-आठ माणसे तिथे होती. आधी अनुसया काकी ‘होय महाराजा’ म्हणाली, मग सगळे म्हणाले. मीही म्हटले. तेव्हा म्हटले होते हे तुला कळवले, म्हणून आताचेही कळवते.

आईचे अंग आज निवाले आहे. पण अशक्त आहे, फार आशा धरू नकोस.

गंगा कशी आहे? लिही. आधी पानभर मला शिव्या दे हवे तर, पण खाली ते लिही.

कुंती


ग्रां बुआ
बुधवार, ११ सप्टेंबर १९५७

कुंतीस,

ताप रविवारी सकाळी उतरला. लामेसनंतर मोन पेर घरी आले, तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि त्यानंतर तासाभरात घाम फुटला. शनिवारी संध्याकाळी नव्हे. शनिवारी तर तिला भ्रम झाला होता आणि ती मला ओळखत नव्हती. गावात कोणाला काही सांगण्याआधी तारखा नीट बघ. उगाच भैरीच्या नावावर काही खपवू नकोस.

मत, मजुरी, फुकटचे दूध, यांबद्दल मी लिहिलेले एक अक्षरही मागे घेत नाही. मुद्दाम चुका करून माझ्याकडून ते लिहून घेतलेस, याबद्दल तुला क्षमा करायला मला वेळ लागेल. आईने जे नाव घेतले त्याला मी जबाबदार नाही. ते माझ्या कागदावर नव्हते.

वस्तीत आता नवे आजारी नाहीत. मी उद्यापासून पुन्हा डबे नेणार आहे, पण परत आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही.

आईला सांग, गंगा पेज प्यायली. मागून प्यायली.

जोझेफ